गाणं गाजलं, गायक कुठे गेला?

पुण्यात दर गणपतीत एक गाणं असतं. दहा दिवस ते चौकाचौकात वाजतं, विसर्जनाच्या रात्री टिळक रोडवर भिंतीएवढ्या स्पीकरमधून छातीवर आदळतं, रील्समध्ये शिरतं आणि डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगमध्ये चौथीची पोरं त्यावर नाचतात. पुढच्या गणपतीला दुसरं गाणं येतं. गेल्या वर्षीचं गाणं अजून तोंडपाठ असतं, पण ते कुणी गायलं होतं हे विचारलं की बहुतेक जण मोबाइल काढतात.

अशा कलाकारांना जगभर 'वन हिट वंडर' म्हणतात. आपण 'एका गाण्याचा गायक' म्हणतो आणि म्हणताना आवाजात थोडी कीव येते, जणू त्या बिचाऱ्याकडे तेवढंच होतं. मला हे पटत नाही. एक गाणं गाजवलेल्या माणसाची कारकीर्द टिकली असती का आणि कशाने टिकली असती, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे, त्यामागे थोडं गणित आहे आणि बराचसा व्यवहार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाण्याला मिळालेले श्रोते वेगळे आणि गायकाला मिळालेले श्रोते वेगळे. पहिले एका रात्रीत येतात आणि तसेच जातात. दुसरे एकेक करून जमवावे लागतात, आणि ती जमवाजमव गाणं गाजण्याच्या आधी सुरू झालेली असली तरच उपयोगी पडते.

आधी मोजणीचा घोळ. हा शिक्का बहुतेक वेळा अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड हॉट १००' या यादीवरून मारला जातो. ही यादी ऑगस्ट १९५८ पासून निघते आणि पहिल्या चाळीसात एकदाच आलेला कलाकार म्हणजे वन हिट वंडर, असा साधारण हिशोब. या हिशोबाने महान गिटारवादक जिमी हेंड्रिक्सही एका गाण्याचा धनी ठरतो, कारण अमेरिकेत पहिल्या चाळीसात त्याचं एकच गाणं पोचलं, तेही बॉब डिलनने लिहिलेलं, १९६८ साली, विसाव्या क्रमांकावर. गिटार वाजवणाऱ्या कुठल्याही मुलाला हे ऐकवून बघा! 'डेक्सिज मिडनाइट रनर्स' या ब्रिटिश बँडचं 'कम ऑन आयलीन' १९८३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच्या आधी मायकल जॅक्सनचं गाणं, त्याच्यानंतर पुन्हा मायकल जॅक्सनचं. अमेरिकेच्या लेखी यांची गोष्ट तिथेच संपते. पण ब्रिटनमध्ये त्यांचं दुसरंच गाणं १९८० मध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन आलं होतं. तेव्हा कुणी एका गाण्याचा आहे की नाही, हे कुठे उभं राहून मोजता यावरही ठरतं.

मोजणी सोडली तरी मूळ प्रश्न उरतो. एकच गाणं का गाजतं?

२००६ मध्ये मॅथ्यू सॅलगनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. त्यांनी इंटरनेटवर ४८ अनोळखी गाणी ठेवली. १४,३४१ जण आले, गाणी ऐकली, आवडली ती फुकट उतरवून घेतली. यातल्या काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं होतं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवलं, हा आकडा त्यांना दिसत होता. गाणी सगळीकडे तीच. तरीही आठ गटांत आठ वेगळ्या याद्या तयार झाल्या. आकडे न बघता निवडणाऱ्यांनी सव्विसाव्या क्रमांकावर ठेवलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा पार तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या थोड्या लोकांनी कशावर बोट ठेवलं यावर ठरलं. गणपतीच्या गाण्याचं याहून वेगळं काय होतं? दोन-चार मोठ्या मंडळांनी वाजवलं की बाकीच्यांना ते वाजवावंच लागतं.

आता थोडं गणित, पण घाबरू नका. धरून चला की बऱ्यापैकी गाणाऱ्या माणसाचं कुठलंही एक गाणं तुफान चालण्याची शक्यता पन्नासात एक आहे. असे हजार गायक घेतले आणि प्रत्येकाने दहा गाणी केली, तर साधारण १८३ जणांचं किमान एक गाणं गाजेल. त्यातल्या १६७ जणांचं फक्त एकच. दोन किंवा जास्त गाणी गाजलेले उरतील जेमतेम १६. म्हणजे सगळे सारख्याच ताकदीचे असूनही गाजलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक 'एका गाण्याचे' ठरले. आता त्याच हजार जणांनी प्रत्येकी शंभर गाणी केली असं समजा. मग सुमारे ८६७ जणांचं काहीतरी गाजतं आणि त्यातल्या जवळपास ६०० जणांची एकाहून जास्त गाणी गाजतात. प्रतिभा तीच, पन्नासात एक हे प्रमाणही तेच, फक्त प्रयत्न वाढले. प्रत्यक्षात एक गाणं चाललं की पुढच्याला थोडा धक्का मिळतो, त्यामुळे खरं गणित इतकं सरळ नाही. पण एकच गाणं गाजलं म्हणजे माणसात दुसरं नव्हतंच, हा निष्कर्ष काढता येत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

दुसरी बाजूही याच गणितातून दिसते. क्रिकेटमधलं उदाहरण घ्या. फिरकी गोलंदाज नरेंद्र हिरवाणीने जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजच्या १६ विकेट घेतल्या. पुढे त्याच्या एकूण १७ कसोटी झाल्या आणि विकेट ६६. पहिला सामना इतका वरचा होता की नंतर खाली येणं अटळ होतं. संख्याशास्त्र याला सरासरीकडे परतणं म्हणतं. पहिलं गाणं गाजताना गुणासोबत नशिबाचाही मोठा वाटा असतो, पुढच्या गाण्याला गुण तेवढाच असतो पण नशीब नेहमीचं. लोक म्हणतात, 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही.' अहो, पूर्वीही ते तसं एकदाच होतं.

मग काही जण टिकतात ते कसे? जस्टिन बर्ग या स्टॅनफर्डच्या संशोधकाने २०२२ मध्ये या प्रश्नावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५९ ते २०१० या काळातले अमेरिकेतले ६९,०५० कलाकार आणि त्यांची तीस लाखांहून अधिक गाणी त्याने तपासली. पहिलं गाणं गाजलं त्या क्षणी कलाकाराच्या पोतडीत काय होतं, हा त्याचा प्रश्न. उत्तर असं आलं की ज्यांचं तोवरचं काम इतरांपेक्षा वेगळं होतं किंवा आपसात विविध होतं, त्यांना पुढेही यश मिळण्याची शक्यता जास्त होती. गंमत म्हणजे बाजारात चालतं तसंच, ठरावीक साच्याचं काम करणाऱ्यांना पहिलं यश तुलनेने सहज मिळत होतं. वेगळं करणाऱ्याला पहिलं गाणं गाजवायलाच घाम फुटतो, पण एकदा ते गाजलं की पुढे जायला त्याच्याकडे अनेक वाटा असतात. साच्यातल्या गाण्याने वर आलेल्याकडे एकच वाट असते, आणि बाजार वळला की ती बंद होते.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण म्हणजे शिंदे घराणं. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या दुकानांत धुमाकूळ घातला. तेवढंच असतं तर ते आज 'ऐंशीच्या दशकातली गंमत' म्हणून आठवले असते. पण वडील प्रल्हाद शिंदे यांच्याकडून आलेला भीमगीतांचा आणि विठ्ठलगीतांचा साठा होता, लोकगीतं होती, गावोगावच्या मैफिली होत्या. २००६ मध्ये अजय-अतुल यांना 'जत्रा' चित्रपटासाठी तसा दणकट आवाज हवा होता, तेव्हा 'कोंबडी पळाली' गायला आनंद शिंदे होतेच. आणि खुद्द अजय-अतुल? गणपतीच्या आल्बमपासून सुरुवात, २००९ मध्ये 'जोगवा', मग 'नटरंग', मग 'सैराट'. पुणे जिल्ह्यातल्या या दोघांच्या पोतडीत गोंधळ, लावणी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद पहिल्यापासून एकत्र नांदत होते.

पण पोतडी भरलेली असूनही काही जण हरवतात, आणि इथे श्रोत्यांचा मुद्दा येतो. 'माकारेना' गाणारी 'लोस देल रिओ' ही जोडी घ्या. सेव्हिलजवळचे हे दोघे गायक १९६० च्या दशकापासून एकत्र गात होते. गाणं १९९३ चं, पण ते जगभर पोचलं ते मायामीच्या मंडळींनी इंग्रजी ओळी घालून केलेल्या रिमिक्समुळे. १९९६ मध्ये ते बिलबोर्डवर १४ आठवडे पहिलं होतं. त्या वेळी दोघे पन्नाशीला टेकलेले. स्पेनमध्ये त्यांच्या नावावर तीस वर्षांचं काम होतं, अमेरिकेत हातांच्या खुणांचा एक नाच. लग्नात नाचणाऱ्याला नाच हवा होता, गाणारे कोण याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

त्यांचं अमेरिकेत काही वेगळं होऊ शकलं असतं का? मला वाटतं, एक फट होती. लोकांना त्यांच्याकडून नाच हवा होता, आणि सेव्हिलच्या परंपरेत 'सेव्हियानास' हा जोडीने करायचा, शिकता येण्याजोगा नाच आहेच. लोकांना दुसरं गाणं ऐकवण्याऐवजी दुसरा नाच शिकवायचा, छोट्या सभागृहांतून, सोबत गिटार आणि टाळ्या घेऊन. लाखो श्रोते उरले नसते. काही हजार उरले असते, पण ते यांचे असते. रेकॉर्ड कंपनीला त्यात रस वाटला असता का, ही शंका रास्त आहे. कंपनीला लाख हवे असतात, गायकाचं घर हजारांवर चालतं.

हजारांवर घर कसं चालतं हे बघायचं तर 'ग्रेटफुल डेड'. हा अमेरिकन बँड १९६५ पासून १९९५ पर्यंत चालला. दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले आणि पहिल्या चाळीसात त्यांचं गाणं आलं एकच, १९८७ मध्ये, 'टच ऑफ ग्रे', नवव्या क्रमांकावर. यादीच्या भाषेत वन हिट वंडर, आणि ती हिटसुद्धा बावीस वर्षांनी! त्यांची कमाई मैफिलींची होती. प्रत्येक मैफल वेगळी असायची, श्रोत्यांना ती टेप करून घ्यायला परवानगी होती, १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांना बसायला वेगळी जागा असे. त्या टेप मित्रांमध्ये फिरायच्या आणि नवे श्रोते पुढच्या मैफलीला यायचे.

पुण्याला हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम २००३ पासून सुरू आहे. 'दमलेल्या बाबाची कहाणी' इंटरनेटवरून घरोघर पोचलं आणि लोक हमसाहमशी रडले, तेव्हा त्या रडणाऱ्यांना जायला एक जागा आधीपासून तयार होती. बालगंधर्वला किंवा यशवंतरावला तिकीट काढायचं आणि तीन तास ऐकायचं. हेच गाणं एखाद्या नवख्याने केलं असतं तर? लोक तेवढेच रडले असते आणि पुढच्या व्हिडिओकडे वळले असते.

त्याहून जुनं उदाहरण अरुण दाते यांचं. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, सोबत सुधा मल्होत्रा, असं 'शुक्रतारा' हे गाणं साठच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. दाते कापड गिरणीतले इंजिनिअर होते आणि ती नोकरी त्यांनी पुढे अनेक वर्षं केली. त्यामुळे मिळेल ते गाणं घ्यायची वेळ आली नाही. पाडगावकरांच्या कविता, खळे आणि यशवंत देव यांच्या चाली, कानाजवळ बोलल्यासारखा आवाज, हा पट्टा त्यांनी सोडला नाही. आणि कार्यक्रमाला नाव दिलं त्याच पहिल्या गाण्याचं. गाजलेल्या गाण्याचा कंटाळा येऊन ते टाळणारे गायक मी पाहिले आहेत, श्रोता मनातून दुखावतो. दात्यांनी त्याची पाटी केली आणि आतल्या दुकानात बाकीचा माल मांडला.

उलट बाजूने फसण्याची गोष्ट म्हणजे पुन्हा डेक्सिज. ओव्हरऑल घालून, व्हायोलिनच्या साथीने लोकसंगीताच्या अंगाने गाजलेल्या या बँडचा पुढचा आल्बम यायला तीन वर्षं लागली. १९८५ मध्ये तो आला तेव्हा मुखपृष्ठावर सगळे सूट-टाय घातलेले, आत गाण्याच्या मध्येच चालणाऱ्या लांबलचक गप्पा, आणि सुरुवातीला त्यातलं एकही गाणं सुटं काढायचं नाही असा हट्ट. आल्बम आपटला, बँड काही काळाने मोडला. आज समीक्षक त्याच आल्बमला त्यांचं सर्वोत्तम काम म्हणतात. मधल्या तीन वर्षांत दोन-तीन सुटी गाणी आली असती, व्हायोलिन ठेवून कपडे बदलले असते किंवा कपडे ठेवून गप्पा आणल्या असत्या, तर श्रोता मागून चालत आला असता असं मला वाटतं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळं तेच ठेवलं तर लोक कंटाळतात, सगळंच बदललं तर ओळखत नाहीत.

आणखी एक वाट आहे, दुसऱ्यांसाठी पडद्यामागे काम करण्याची. ती आपल्याला दिसत नाही म्हणून आपण मोजत नाही. 'द बगल्स' या बँडचा व्हिडिओ १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्हीवर सर्वांत पहिला दाखवला गेला, पण त्यातला ट्रेव्हर हॉर्न पुढे ब्रिटनमधला अव्वल निर्माता झाला. 'फोर नॉन ब्लाँड्स' या बँडची लिंडा पेरी हिने पिंक आणि क्रिस्टिना अगिलेरा या गायिकांसाठी गाजलेली गाणी लिहिली. 'सेमिसॉनिक' या बँडचा डॅन विल्सन गायिका अडेलच्या 'समवन लाइक यू'चा सहलेखक आहे. यांना विसरले गेलेले म्हणणं म्हणजे गीतकार-संगीतकारांची नावं न वाचण्याची आपली जुनी खोड.

या वाटेने पैसे मिळतात ते हक्कांमुळे, आणि आपल्याकडचे बहुतेक नवे गायक इथेच मार खातात. एका गाण्यावर तीन थरांचे हक्क असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि झालेलं रेकॉर्डिंग सहसा पैसे घालणाऱ्या कंपनीचं. पूर्वी ठोक रक्कम हातावर ठेवून कंपनी सगळंच लिहून घ्यायची. २०१२ ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू झाली आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा मिळू लागला. चित्रपटगृहातलं प्रदर्शन त्यातून वगळलेलं आहे. हा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही, दिला तरी ते कायद्याने टिकत नाही. शब्द-चालींसाठी १९६९ पासूनची 'आयपीआरएस' ही संस्था आहे, गायकांच्या हक्कांसाठी २०१३ मध्ये 'इसरा' निघाली. हक्काची चूक किती महागात पडते हे 'द व्हर्व' या ब्रिटिश बँडला विचारा. १९९७ च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात रोलिंग स्टोन्सच्या गाण्याच्या वाद्यवृंद-आवृत्तीचा तुकडा होता, त्यामुळे श्रेय आणि पैसा मिक जॅगर-कीथ रिचर्ड्सकडे गेला, आणि बँडचा गायक रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टला तो परत मिळायला २०१९ उजाडलं.

आता एक काल्पनिक मुलगा घ्या. कात्रजला राहतो, दिवसा कुरिअरचं काम करतो, स्वतः लिहितो, मित्राच्या खोलीतल्या स्टुडिओत रेकॉर्ड करतो. यंदाच्या गणपतीत त्याचं गाणं गाजलं. अनंत चतुर्दशी झाली की सुपाऱ्यांचे फोन येतात: दांडियाला या, वाढदिवसाला या, तेच गाणं तीनदा म्हणा आणि मध्ये दुसऱ्यांची गाणी गाऊन वेळ भरा. पैसे बरे असतात. चार-पाच महिन्यांत फोन कमी होतात.

त्याच्या हातात अमेरिकन गायकाकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे मराठी माणसाचं पंचांग. नवरात्रात देवीची गाणी, दिवाळी पहाट, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, चैत्रात गावोगावच्या यात्रा, १४ एप्रिलला भीमजयंती, मे महिन्यात हळदी, आषाढात वारी. प्रत्येक ठिकाणचा श्रोता वेगळा, आयोजक वेगळा, ठेका वेगळा. पुण्याबाहेर वर्षभर गाऊन घर चालवणारे कितीतरी गायक याच चक्रावर जगतात आणि त्यांचं एकही गाणं कुठल्या यादीत नसतं. या मुलाने यातल्या दोन-तीन प्रसंगांसाठी स्वतःची गाणी आधीच करून ठेवली असतील, तर सुपारीत मधला वेळ भरायला ती येतील. दर सुपारीत दहा-वीस जण 'हे दुसरं कुणाचं?' असं विचारतील, आणि त्याचे स्वतःचे श्रोते तिथून सुरू होतात. त्यांना त्याने फोनवरच्या यादीत घ्यावं, स्वतःच्या नावाच्या चॅनेलवर आणावं, कंपनीच्या चॅनेलवर नव्हे. वर्षभरात सुदर्शनसारख्या छोट्या रंगमंचावर शंभर-दीडशे तिकिटं विकून एक प्रयोग करून बघावा. मांडवातली गर्दी फुकट असते. तिकीट काढून किती येतात, ते तिथे कळेल. आणि कुरिअरची नोकरी इतक्यात सोडू नये.

त्याला हे सगळं नकोच असेल, असंही होऊ शकतं. 'न्यू रॅडिकल्स' या अमेरिकन बँडच्या ग्रेग अलेक्झांडरने १९९९ मध्ये, पहिलं गाणं गाजल्यावर आणि दुसरं बाजारात यायच्या आधीच, बँड बंद केला. त्याला गाव-गाव फिरून तेच गाणं म्हणायचं नव्हतं, दुसऱ्यांसाठी लिहायचं होतं, आणि पुढे त्याने लिहिलेलं एक गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. कात्रजच्या मुलालाही कुरिअर आणि वर्षाला एक गाणं एवढंच पुरत असेल तर काही बिघडत नाही. फक्त कंपनीचा माणूस करार घेऊन येईल त्याआधी त्याने गीतकार म्हणून आणि संगीतकार म्हणून, दोन्ही नात्यांनी, आपलं नाव आयपीआरएसमध्ये नोंदवावं आणि कराराची छापील प्रत रात्रभर घरी ठेवून घेऊन एखाद्या वकिलाला दाखवावी.